किनाऱ्यावरून बोटीत वीज घेताना या चुका टाळा

धक्क्याला बांधलेल्या बोटीत विजेमुळे आग लागली की संशय बहुधा आतल्या एखाद्या उपकरणावर घेतला जातो. पण अनेकदा सुरुवात होते ती केबलचा प्लग बोटीवरच्या सॉकेटमध्ये बसतो त्या जोडापाशी. त्यामुळे केवळ ब्रेकरच्या भरवशावर राहणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

ब्रेकर विजेचा प्रवाह पाहतो, जोडाचे तापमान नाही. खाऱ्या हवेने पिनेवर गंज चढला किंवा सॉकेटची पकड सैल झाली की तिथला रोध वाढतो. तो ०.२ ओहमपर्यंत गेला आणि हीटर, गीझर मिळून २५ अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर बोटाच्या पेराएवढ्या जागेत १२५ वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह मर्यादेतच असल्याने ३२ अँपिअरच्या ब्रेकरला त्यात काहीही वावगे दिसत नाही. उष्णतेने पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो आणि प्लास्टिक वितळेपर्यंत हे चक्र चालू राहते.

म्हणून वीज बंद करून प्लग काढावा आणि प्रत्येक पिन भरपूर उजेडात पाहावी. एखादीच पीन तपकिरी पडली असेल किंवा तिच्याभोवतीचे प्लास्टिक फुगले असेल, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावेत, कारण जळके सॉकेट नवा प्लगही लवकरच खराब करते. पिना कानशीने घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. त्यामुळे वरचा संरक्षक मुलामा निघून जातो. मोठी उपकरणे अर्धा तास चालल्यावर जोडाचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासण्याची सवय मला फार मोलाची वाटते.

भार चालू असताना प्लग ओढणे हीदेखील नेहमीची चूक आहे, कारण त्या क्षणी उडणारी ठिणगी पिनांवर खड्डे पाडते. आधी बोटीचा मुख्य ब्रेकर आणि धक्क्यावरचा ब्रेकर बंद करावा, मग केबलचे धक्क्याकडचे टोक काढावे. जोडताना बोटीकडचे टोक आधी लावून त्याची कडी घट्ट आवळावी, म्हणजे वीज चालू असलेले टोक हातात किंवा पाण्यात जाण्याचा धोका उरत नाही. उरलेल्या केबलचे घट्ट वेटोळे करून ठेवू नये, कारण त्यातली उष्णता बाहेर पडत नाही. घरगुती एक्स्टेंशन बोर्ड तर या कामी वापरूच नये.

अर्थ लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज जमिनीत किंवा पाण्यात गळू लागली की पुरवठा तोडणारा ब्रेकर, वारंवार पडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करणारे लोक पाण्यात पोहणाऱ्यांचाही जीव धोक्यात घालतात. बोटीचा दोन-पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मुख्य ब्रेकर बंद असतानाही अर्थ लीकेज ब्रेकर पडत असेल, तर दोष केबलमध्ये किंवा सॉकेटमध्ये शिरलेल्या पाण्याचा असण्याची शक्यता मोठी असते. तसे नसेल तर सर्व उपकरणे सुटी करून एकेक जोडत जावे. पाणी तापवणाऱ्या गीझरचे एलिमेंट हा नेहमीचा संशयित असतो. त्यातही दोष सापडला नाही, तर बोटीत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडले गेले आहेत का, हे जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, कारण किनाऱ्यावरची वीज घेताना ती जोडणी बोटीत असता कामा नये.

धूर दिसलाच तर पाणी न मारता, शक्य असल्यास धक्क्यावरचा ब्रेकर आधी बंद करावा आणि कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडरचे अग्निशामक वापरावे. ते केबिनच्या आत खोलवर नव्हे, तर दारापाशी टांगलेले असावे.