हेडलाइटचा बल्ब बदलण्याआधी काच तपासा
नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या हेडलाइटची काच, जी आजकाल खरे तर पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते, पिवळट आणि धुरकट होत जाते. वर्धा रोडवर रात्री उजेड कमी पडू लागला की दोष मात्र बल्बला दिला जातो. म्हणून आधी ती काच पॉलिश करून घ्यावी व तिच्यावर अतिनील किरणांपासून बचाव करणारा थर पुन्हा चढवून घ्यावा, अन्यथा पिवळेपणा लवकरच परततो.

बाजारातला एलईडी बल्ब हॅलोजनच्या खाचेत बसतो, पण तेवढ्याने तो योग्य ठरत नाही. एच४ या प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये हाय बीम (दूरचा झोत) आणि लो बीम (जवळचा, खाली पडणारा झोत) यांच्या दोन तारा असतात; त्यांतल्या लो बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते आणि रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिप जरा जरी इकडेतिकडे असल्या, तरी प्रकाश विखुरतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला गाडीपुढचा रस्ता लख्ख दिसूनही दूरचे नीट दिसत नाही. १००/९० वॅटचा (हाय/लो बीम) हॅलोजन हा तर त्याहून वाईट सौदा, कारण ६०/५५ वॅटसाठी बनवलेला होल्डर त्याने वितळू शकतो.

त्यापेक्षा मूळ वॅटचेच चांगले बल्ब जोडीने बदलावेत आणि बसवताना त्यांच्या काचेला बोट लावू नये, कारण त्वचेच्या तेलाने तेवढाच भाग जास्त तापून बल्ब लवकर जातो. मागे माणसे व सामान भरलेले असेल, तर डॅशबोर्डवरचे लेव्हलिंगचे चाक फिरवून झोत खाली आणावा. ज्यांच्या गाडीत ते असते, त्यांतल्या अनेकांनी ते कधी हलवलेलेही नसते.