इट्स आणि इट्स: ऐकायला एक, लिहायला दोन

मराठी लिहिताना आपली भिस्त कानावर असते आणि बहुतेक वेळा ती चालून जाते. इंग्रजीत हीच सवय नडते, कारण ‘देअर’ कानाला एक आणि कागदावर तीन. ऐरोली-महापेच्या ऑफिसांतले मेल असोत की घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या नोटिसा, चुका ठरावीक शब्दांतच होतात. त्यातल्या बऱ्याचशा एका उपायाने सापडतात: शंका आली की त्या शब्दाच्या जागी मराठी शब्द ठेवायचा आणि वाक्य पुन्हा वाचायचं.

सगळ्यांत जास्त चुकतो तो ‘इट्स’. आय-टी-एस सलग लिहिलं तर अर्थ ‘त्याचं’. टी आणि एसच्या मध्ये अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरचा स्वल्पविराम दिला, तर अर्थ ‘ते आहे’. कधी कधी ‘इट हॅज’. चूक का होते ते कळलं की ती पुन्हा होत नाही. शाळेत शिकवतात की नामाला अपॉस्ट्रॉफी आणि एस जोडला की ‘चा-ची-चे’ मिळतो. तोच नियम आपण ‘इट’लाही लावून टाकतो. पण हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स यांतल्या एकातही अपॉस्ट्रॉफी नाही, आणि मालकी दाखवणारा ‘इट्स’ त्यांच्याच पंगतीतला. ‘द लिफ्ट अँड इट्स डोअर’ हे वाक्य घ्या. ‘लिफ्ट आणि तिचं दार’ नीट बसतं, म्हणून चिन्ह नको. ‘इट्स अंडर रिपेअर’मध्ये ‘तिचं’ बसत नाही, ‘ती दुरुस्तीत आहे’ बसतं, म्हणून चिन्ह हवं. ‘युअर’ (तुमचं की तुम्ही आहात?) आणि ‘हूज’ (कोणाचं की कोण आहे?) यांचाही निकाल असाच लागतो.

‘देअर’ला थोडं अधिक लक्ष लागतं. ‘तिथे’ या अर्थाचा शब्द टी-एच-ई-आर-ई. त्याच्या पोटात ‘हिअर’, म्हणजे ‘इथे’, दडलेला आहे. ‘त्यांचं’ या अर्थाचा टी-एच-ई-आय-आर; त्याच्या पोटात वारसाला म्हणतात तो ‘एअर’ आहे, आणि वारस म्हटलं की मालकी आलीच. तिसरा ‘दे आर’चा संक्षेप, त्यात ‘दे’नंतर अपॉस्ट्रॉफी. मात्र ‘देअर विल बी नो वॉटर सप्लाय’ अशा वाक्यात मराठीतला ‘तिथे’ बसवायला जाल तर फसाल. ‘अमुक असेल, नसेल’ एवढंच सांगायचं असलं तरी स्पेलिंग पहिलंच.

सोसायटीच्या नोटिशीत आणखी एक चूक हमखास दिसते: ‘ऑल मेंबर्स’ लिहिताना एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी. इथे फक्त अनेकवचन आहे, मालकी नाही, म्हणून चिन्ह नको. एका सभासदाचं काही सांगायचं असेल तर चिन्ह एसच्या आधी, अनेक सभासदांचं असेल तर एसच्या नंतर. ‘चिल्ड्रन’ मुळातच अनेकवचन असल्यामुळे त्यात चिन्ह एसच्या आधीच येतं.

आता उच्चारामुळे होणारे घोटाळे. आपण ‘नट लूज झालाय’ म्हणतो आणि ‘हरवणे’ यासाठीही ‘लूज’च. म्हणून ‘डोन्ट लूज युअर टोकन’मध्ये दोन ओ घुसतात. दोन ओ असलेला शब्द म्हणजे ‘सैल’, त्याचा इंग्रजी उच्चार ‘लूस’. हरवण्याला एकच ओ, आणि शेवटी झाडातला झ. ‘अ‍ॅडव्हाइस’चंही तसंच: सी असेल तर सल्ला, एस असेल तर सल्ला देणे, आणि तिथेही उच्चारात झ. सी असलेल्या शब्दाच्या शेवटी ‘आइस’ आहे. बर्फ ही वस्तू, म्हणून हा नाम. या नामाला अनेकवचनाचा एस कधीच लावू नका. ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ यांत ब्रिटिश पद्धतीने हाच सी-एसचा भेद आहे, पण उच्चार एकच, त्यामुळे तिथे कान उपयोगाचा नाही. आपल्या वाहन चालवण्याच्या परवान्यावर सी छापलेला असतो, कारण तो नाम आहे.

मोरबे धरणाच्या जलवाहिनीचं काम निघालं की नवी मुंबईत नोटीस लागते, ‘सप्लाय विल बी अफेक्टेड’. परिणाम होणे, करणे हे क्रियापद असेल तर सुरुवातीला ए. परिणाम हे नाम असेल तर ई. अपवाद एकच लक्षात ठेवण्याजोगा: ‘घडवून आणणे’ या अर्थी ई असलेला शब्दही क्रियापद होतो. वह्या-पेनांच्या ‘स्टेशनरी’त एनवेलपचा ई, थांबलेल्या गाडीच्या ‘स्टेशनरी’त ए. तुलनेत ए असलेला ‘दॅन’, ‘नंतर’साठी ई असलेला ‘देन’.

अर्ज, नोटीस किंवा ग्राहकाला जाणारा मेल असेल तर संक्षेप वापरूच नका. ‘डोन्ट’च्या जागी ‘डू नॉट’, ‘वोन्ट’च्या जागी ‘विल नॉट’ असं पूर्ण लिहा. तसं केलं की ‘ओक्लॉक’सारखे मोजके शब्द सोडून मजकुरात उरलेली प्रत्येक अपॉस्ट्रॉफी मालकीचीच असायला हवी. मग तपासणी सोपी होते: कंट्रोल आणि एफ दाबून ते चिन्ह शोधा, प्रत्येक जागी ‘कोणाचं?’ विचारा, उत्तर मिळालं नाही तर चिन्ह काढा किंवा शब्द उलगडून लिहा. मग आय-टी-एस शोधा आणि तिथे ‘त्याचं’ ठेवून पाहा.

लाल रेघ उमटली नाही म्हणजे सगळं बरोबर, असं धरू नका. स्पेलचेक फक्त शब्द अस्तित्वात आहे का ते पाहतो, आणि वरचे सगळे शब्द अस्तित्वात आहेत. व्याकरणाची निळी रेघ काही चुका दाखवते, सगळ्या नाही. ‘वी आर’च्या संक्षेपातली अपॉस्ट्रॉफी गळली तर डब्ल्यू-ई-आर-ई, म्हणजे ‘होतो, होते’ या अर्थाचा शब्द उरतो, ‘वी विल’मधली गळली तर ‘वेल’, आणि दोन्ही शुद्ध शब्द. फोनवर टाइप करत असाल तर दुप्पट काळजी घ्या, कारण कीबोर्ड ‘इट्स’मध्ये बरेचदा आपणहून चिन्ह घालतो. आणि लॅपटॉपवर अपॉस्ट्रॉफीची कळ एंटरच्या शेजारी असते. एस्केपखालच्या कळीवरचं तिरकं चिन्ह वेगळं आहे, ते वापरलं तर शोधताना तो शब्द सापडणार नाही.