कवितेला चाल लावताना: सम कुठल्या अक्षरावर?

चाल लावायला शिकायचं तर ‘मोठा अभंग’ या छंदापासून सुरुवात करा. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई यांच्यामुळे हा साचा मराठवाड्यातल्या भजनी मंडळांच्या कानात मुरलेला आहे. चार चरण, अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. सरावाला ही ओळ घ्या:

पावसाची वाट । पाहते वावर ।
रिकामी घागर । दारापाशी ॥

पेटी अजून उघडू नका. ओळ बोलल्यासारखी चार-पाच वेळा म्हणा आणि जोर कुठे पडतो तिथे पेन्सिलीने खूण करा. इथे तो ‘वाट’, ‘वावर’, ‘घागर’ यांवर येतो. आता ८ मात्रांचा भजनी ठेका हाताने धरा. ओळीचं पहिलंच अक्षर समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर टाकलं, की ‘वाट’ पाचव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर (टाळीविना जाणाऱ्या मात्रेवर) जाते आणि ओळ पडेल वाटते. नवशिक्यांच्या बहुतेक चाली इथेच फसतात. म्हणून उठाव (ओळीची सुरुवात) पाचव्या मात्रेपासून घ्या:

५–८: पा व सा ची, १–४: वा ऽ ऽ ट
५–८: पा ह ते ऽ, १–४: वा ऽ व र
५–८: रि का मी ऽ, १–४: घा ऽ ग र
५–८: दा ऽ रा ऽ, १–४: पा ऽ ऽ शी

लांबवायचं ते दीर्घ अक्षरच. ‘घागर’मधला ‘र’ ताणला तर ऐकणाऱ्याला ‘घागरा’ ऐकू येतो! कवितेची अशी थट्टा सुरेल गळेसुद्धा सहज करून बसतात.

आता सूर. ध्रुवपद (पुन्हापुन्हा येणारी ओळ) मंडळाने उचलायचं असतं, म्हणून ते सा ते प एवढ्यातच ठेवा. अंतरा (पुढचं कडवं) मध्यमा-पंचमावरून उचलून तार षड्जाला नेता येतो. पण शेवटचे सूर ध्रुवपदाच्या पहिल्या सुराजवळ आणून सोडा, नाहीतर परतताना सगळे अडखळतात. ‘रिकामी’सारखा शब्द तार षड्जावर चढवू नका, बोलताना तो खाली उतरतो, चालीतही उतरू द्या. पट्टी, म्हणजे पेटीवर ‘सा’ धरायची जागा, साधारणपणे पुरुषांना काळी १ किंवा २, बायकांना काळी ४ किंवा ५. लय मिनिटाला ८० मात्रांच्या आसपास धरली तर शब्द सुटे ऐकू येतात. प्रत्येक कडव्याला नवी चाल लावायचा मोह टाळा.

भुजंगप्रयात या वृत्तात गण लघु-गुरु-गुरु (१+२+२), म्हणजे ५ मात्रांचा. झपताल (२-३-२-३) त्याला छान बसतो, पण एका अटीवर: पहिला लघु समेच्या आधीच्या मात्रेवर घ्या आणि गुरू समेवर. मग गुरू दोन मात्रांत, पुढचा गुरू आणि नंतरचा लघु मिळून तीन मात्रांत येतात; तालाचे खंड आपोआप जुळतात. मुक्तछंद तालात कोंबू नका. त्यातली एकच ओळ ध्रुवपद करा, बाकीचं ठेका थांबवून, स्वर धरून म्हणा.

तयार चाल मोबाइलवर रेकॉर्ड करून कविता न वाचलेल्या माणसाला एकदाच ऐकवा आणि त्याला ऐकू आलेले शब्द लिहायला सांगा. जिथे तो चुकेल तिथली मुरकी (सुरांची झटपट वळणं) आधी काढा. तरीही नाही भागलं तर सम हलवा. शब्द बदलायचा असेल तर कवीला विचारून. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. तोवर कवीची किंवा वारसांची परवानगी लेखी घ्या, आणि गाळायची कडवीही त्या पत्रात नोंदवा.