आजोबांची नेव्हीची ट्रंक: फोटो, मेडल आणि पत्रं घरच्या घरी नीट कशी जपायची

आमच्या गुहागरच्या घरी माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक होती, आजोबांची. ते दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर होते, म्हणजे बॉयलरपाशी, आणि घरात त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं की "ते बोटीवर होते". कोकणात बोटीवर कोण नव्हतं म्हणा. तर ती ट्रंक उतरवली आणि आत निघाली तीन मेडल, काचेला चिकटलेला एक फ्रेमचा फोटो, पंधरावीस सुटे फोटो, टोपीची एक पट्टी, जपान्यांनी युद्धात ब्रह्मदेशासाठी काढलेल्या रुपयाच्या दोन नोटा, आणि रबरबँडमध्ये बांधलेला मनीऑर्डरच्या कुपनांचा गठ्ठा. त्यातलं काय वाचलं, काय आम्हीच वाट लावून घेतलं आणि आता तेच काम परत करायचं झालं तर कुठल्या क्रमाने करेन ते लिहितोय. तुमच्याकडे ७१ च्या लढाईतलं सामान असेल किंवा व्यापारी बोटीवरच्या पणजोबांचं, तरी बरंचसं हेच लागू पडेल.

पहिल्या दिवशी काहीही साफ करू नका

खरंच सांगतो, पहिल्या दिवशी फक्त बघायचं. टेबलावर धुतलेली जुनी चादर पसरा, हात साबणाने धुवून कोरडे करा (क्रीम, तेल काही नको), आणि एकेक वस्तू काढून मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, जशी सापडली तशी. कशात काय गुंडाळलं होतं, कुठला फोटो कुठल्या पाकिटात होता हे पण वहीत लिहा, कारण एकदा सगळं एकत्र ढिगात गेलं की तो संबंध परत जुळत नाही. आमचा एक फोटो ज्या पाकिटात होता त्याच्यावर पोस्टाचा शिक्का आणि सेन्सरचा शिक्का दोन्ही होते, आणि पाकीट मी जवळपास कचऱ्यात टाकलंच होतं.

एक सावधगिरी. ट्रंकेत काडतूस किंवा तसलं काही निघालं आणि ते रिकामं आहे की भरलेलं हे कळत नसेल, तर हलवू नका, घासू नका, सरळ पोलिसांना कळवा. ऐंशी वर्षांपूर्वीचं असलं तरी.

दुसरं काम: घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा

हे मी मुद्दाम एवढं वर घेतलंय. मेडल शंभर वर्षं टिकेल, पण फोटोतला डावीकडून तिसरा माणूस कोण हे सांगणारी आत्या टिकणार नाही, स्पष्टच बोलायचं तर. फोटो तिच्या हातात देऊ नका, मोबाईलवर किंवा टॅबवर मोठा करून दाखवा, आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. "हे कोण?" असं विचारलंत तर "काय की बाबा" येतं. त्यापेक्षा "हे कुठलं घर?", "तेव्हा तू केवढी होतीस?", "मनीऑर्डर आली की कोण वाचून दाखवायचं?" असं विचारा, मग गाडी सुरू होते आणि थांबत नाही. आमच्या आत्याने दीड तासात अकरा माणसं ओळखली, त्यातले दोन गावातलेच निघाले.

नावं फोटोच्या मागे लिहायची तर मऊ पेन्सिलने, २बी किंवा ४बी, अगदी कडेला, आणि खाली काच किंवा कडक पुठ्ठा ठेवून हलक्या हाताने. बॉलपेन अजिबात नको, समोरच्या बाजूला वण उठतो. मागे गुळगुळीत प्लास्टिकसारखा कागद असेल (रंगीत फोटोंना असतो) तर पेन्सिल उमटत नाही, मग नाव पाकिटावर लिहा, आणि फोटो आत सरकवायच्या आधी लिहा.

फोटो कधीचा हे कपड्यांवरून काढा

मला सगळ्यात मजा इथे आली. आमच्या फ्रेमच्या फोटोत आजोबांच्या टोपीची पट्टी दिसते, आणि भिंगातून बघितलं तर तिच्यावर नुसतं एच.एम.आय.एस. (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, म्हणजे राजाचं भारतीय जहाज) एवढंच आहे, पुढे जहाजाचं नाव नाही. मला आधी वाटलं फोटो पुसट झालाय. पण ट्रंकेतल्या खऱ्या पट्टीवर पण तेवढंच! युद्ध चालू असताना पट्टीवर जहाजाचं नाव नसायचं, बंदरात कुठली बोट लागलीय हे शत्रूच्या माणसाला कळू नये म्हणून. आणि २६ जानेवारी १९५० पासून एच.एम.आय.एस. जाऊन आय.एन.एस. आलं. म्हणजे नुसत्या पट्टीवरून एवढं कळतं की फोटो पन्नासच्या आधीचा, आणि बहुतेक युद्धातलाच. फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का पण बघा, मुंबई, कोलंबो, कराची, काहीही निघतं.

फोटो: काय करायचं, काय नाही

जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत गडद भागावर निळसर चांदीसारखी चमक येते, तिरका धरला की दिसते. ती घाण नाहीये, फोटोतलीच चांदी वर आलेली असते, पुसायला जाऊ नका. धूळ असेल तर मऊ, कोरड्या ब्रशने मधून कडेकडे झटका. पाणी, कॉलिन, ओला टिश्यू, काही नाही. बुरशी दिसली तर आधी पंख्याखाली सावलीत पूर्ण कोरडं होऊ द्या, ओल्या बुरशीवर बोट फिरवलं की ती आत घासली जाते.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. वाफ देऊ नका, ब्लेड घालू नका. काचेसकट स्कॅन करा आणि काचेसकटच ठेवा, खूपच जिवाभावाचा असेल तर एक्स्पर्टला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे निदान विचारता येतं. गल्लीतल्या फोटो स्टुडिओवाल्याला मूळ प्रिंट "रिपेअर" करायला देऊ नका, त्याला स्कॅन द्या आणि म्हणा यावर हवं ते कर.

ऐंशीच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम, वर प्लास्टिकची फिल्म असलेले, त्यातून फोटो जमतील तेवढे बाहेर काढा. सहज सुटत नसेल तर कापसाचा नाहीतर डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवा. अडला तर थांबा, अख्खं पान कापून ठेवा.

स्कॅनर फ्लॅटबेड हवा, म्हणजे सपाट काचेवर फोटो ठेवायचा तो. साध्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरतं, काडेपेटीएवढ्या छोट्या फोटोला १२०० ठेवा, आणि काळापांढरा असला तरी कलरमध्येच स्कॅन करा. मूळ फाईल टिफ, व्हॉट्सॅपवर फिरवायला वेगळी जेपेग. आणि व्हॉट्सॅपवरून परत आलेली फाईल म्हणजे मूळ नव्हे, हे आमच्या फॅमिली ग्रुपला मी अजून समजावतोय. एक कॉपी घरी, एक हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावी भावाकडे, एक क्लाऊडवर. रंगीत फोटो आधी स्कॅन करा, सत्तरच्या दशकातले तर सगळ्यात आधी, त्यांचे रंग अंधारात ठेवले तरी उडतात.

मेडल, आणि काकांचा पराक्रम

आता दुखरी गोष्ट. काकांनी एका दिवाळीत देवाच्या भांड्यांबरोबर आजोबांची मेडल पण घासली, चिंच-मीठ लावून, वर नारळाच्या काथ्याने. लखलखली एकदम! आणि कडेवरचे अक्षर-आकडे पण त्याच्याबरोबर गेले. भारतीयांना मिळालेल्या त्या काळच्या मेडलवर बहुतेक वेळा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं, गोल मेडलला कडेवर आणि स्टारला (ताऱ्याच्या आकाराच्या मेडलला) पाठीमागे. आमच्या वॉर मेडलवर आता नंबरातले शेवटचे दोन आकडे लागत नाहीत, आणि सरकारी रेकॉर्ड शोधायचं तर नंबरच महत्त्वाचा असतो.

म्हणून चिंच, लिंबू, ब्रासो, टूथपेस्ट, काहीही लावायचं नाही. तो तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे. महायुद्धातले सहा टोकांचे स्टार तांब्या-जस्ताचे असतात आणि गोल वॉर मेडल आपल्याकडे तांबं-निकेलचं, चांदीचं नाही, तेव्हा "चांदी काळी पडली" म्हणून सोनाराकडे पण नेऊ नका. मऊ ब्रशने धूळ झटका, हातात नायट्राईलचे मोजे घाला (मेडिकलमध्ये मिळतात) आणि तिरक्या उजेडात कडेच्या अक्षरांचे फोटो काढा, टॉर्च एका बाजूने मारला की पुसट अक्षरं पण उठतात. हिरवं, भुसभुशीत काही दिसलं तर ते मेडल बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

रिबन धुवायची नाही, रंग एकमेकांत उतरतात. फाटली असली तरी फेकायची नाही, मिरवायला नवीन रिबनचा डुप्लिकेट सेट बनवा आणि मूळ तशीच राहू दे. रिबन कुठली हे ओळखायला पण कामाला येते: मधे रुंद लाल, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ असली तर तो बर्मा स्टार. गडद निळा, लाल, फिका निळा असे तीन सारखे पट्टे असले तर १९३९-४५ चा स्टार, हे रंग अनुक्रमे नेव्ही, आर्मी आणि एअरफोर्सचे, आणि तो लावताना गडद निळा पट्टा डाव्या खांद्यापासून लांब येतो. आमच्या घरच्या फ्रेममध्ये तो चाळीस वर्षं उलटा होता, कोणाच्या लक्षात नाही.

ठेवायचं कशात? ते मऊ, वासाचे पीव्हीसीचे पाऊच नकोत, तांब्याच्या वस्तू त्यात हिरव्या पडतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलर या प्लास्टिकचे पाऊच घ्या, प्रत्येक मेडल वेगळं, अॅसिड-फ्री टिश्यूत गुंडाळून. रबरबँड, वर्तमानपत्र, गोंदाने चिकटवलेली वेल्वेट, तिन्ही नकोत. भिंतीवर लावायचंच असेल तर उन्हाच्या समोरची आणि बाहेरची भिंत टाळा, रिबन दोऱ्याने कापडावर टाका, फेविक्विक नाही.

कागद आणि कपडे

मनीऑर्डरच्या खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असायची, आणि आजोबांची सगळी पत्रं म्हणजे त्या दोन ओळी. "रुपये तीस पाठवले. कौलं शाकारून घ्या. मी बरा आहे." अशी पंचवीसेक. काही मोडीत होती, ती एका ओळखीच्या मोडी वाचणाऱ्यांकडून लावून घेतली. हे लिखाण बऱ्याचदा कॉपिंग पेन्सिलचं असतं, कोरडं असताना करडं दिसतं पण पाणी लागलं की जांभळं होऊन पसरतं, त्यामुळे ओला बोळा तर सोडाच, घामट बोट पण लावू नका. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, घड्या उलगडून सपाट ठेवा. सेलोटेप नको. आणि लॅमिनेशन! डिस्चार्ज सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलेलं होतं आमच्याकडे, मशीनच्या उष्णतेने चिकटवलेलं ते आता कागद न फाडता निघत नाही.

युनिफॉर्म असेल तर खळ घालून इस्त्री करून ठेवू नका, खळीवर कसर येते. बिनखळीचा, पूर्ण कोरडा, घड्यांमध्ये टिश्यूचे बोळे घालून, जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळा. डांबरगोळ्या फोटो आणि मेडलच्या डब्यात नकोत.

कोकणातला पावसाळा

इथेच सगळे सल्ले अडतात, कारण पुस्तकी आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आत आणि आपल्याकडे जुलैत भिंतीला हात लावला की ओला होतो. मी जे करतो ते सांगतो: झाकण घट्ट बसणारा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत सिलिका जेलच्या पिशव्या (रंग बदलणाऱ्या), आणि एक छोटा डिजिटल आर्द्रता मीटर, काहीशे रुपयांत येतो. मे महिन्यात, कोरड्या दिवशी डबा बंद करायचा आणि पावसाळाभर शक्यतो उघडायचा नाही. डबा माळ्यावर नको, जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको, मधल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा उत्तम.

पुराचं पाणी शिरलं तर? २०२१ च्या जुलैत चिपळूणला आत्याकडे शिरलंच. ओले फोटो एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत वाळू देऊ नका, तेवढं एक लक्षात ठेवा. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करा आणि चित्र वर करून सावलीत पसरा, चित्राला बोट न लावता. दोन दिवसांत उरकणार नसेल तर मधे प्लास्टिक घालून फ्रीजरमध्ये टाका, नंतर थोडे थोडे काढता येतात. पण कॉपिंग पेन्सिलचे कागद पाण्यात बुडवू नका.

माहिती कुठे मिळते

दुसऱ्या महायुद्धात, १९४७ अखेरपर्यंत धरून, सेवेत मरण पावलेल्यांची नावं, युद्धात बळी पडलेले व्यापारी बोटींवरचे खलाशी धरून, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाईटवर शोधता येतात. नावांची स्पेलिंग भयंकर असतात, दोनचार प्रकारे टाकून बघा. स्वातंत्र्यानंतरच्या नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स (नौसैनिकांचं रेकॉर्ड ठेवणारं नौदलाचं कार्यालय), आणि कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर आपलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. मुंबईत मेरीटाईम हिस्टरी सोसायटी आहे, व्हाईस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली, नौदलाच्या इतिहासात रस असलेली माणसं तिथे भेटतात.

आमची ट्रंक आता रिकामी आहे, सामान डब्यात गेलं, पण ट्रंक पण आजोबांचीच म्हणून ठेवलीय. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद लावलाय: आत काय काय आहे, स्कॅन कुठे आहेत, सिलिका जेल कधी बदललं, कोणाला फोन करायचा. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात, काकांसाठी: चिंच लावू नये.