नळीतील प्रवाह स्तरीय की प्रक्षुब्ध, हे बादलीने ठरवा

दाबहानीचे, म्हणजे नळीतून वाहताना पाण्याचा दाब किती घटतो याचे, गणित मांडण्यापूर्वी नळीतील प्रवाह स्तरीय (शांतपणे थराथरांनी वाहणारा) आहे की प्रक्षुब्ध (भोवरे घेत खळबळून वाहणारा) हे ठरवावे लागते, आणि नेमकी तिथेच एककांच्या रूपांतरात चूक होते. ती टाळण्यासाठी एका मिनिटात बादलीत किती लिटर पाणी जमते ते मोजावे, त्या आकड्याला 21,000 ने गुणावे आणि नळीच्या आतील व्यासाने, मिलिमीटरमध्ये, भागावे. येणारा भागाकार म्हणजेच रेनॉल्ड्स अंक, प्रवाहाचा प्रकार सांगणारा एककरहित आकडा. 15 मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला 6 लिटर पाणी येत असेल, तर तो 8,400 येतो. साधारण 2,000 च्या खाली प्रवाह स्तरीय, 4,000 च्या वर प्रक्षुब्ध; मधल्या पट्ट्यात मी प्रक्षुब्ध धरूनच नळी निवडतो, कारण दाबहानी कमी धरण्यापेक्षा ते सुरक्षित आहे.

हा गुणक सुमारे 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठीच आहे. 30 अंशांना 26,000 घ्यावा, आणि तेलासाठी मुळीच वापरू नये.