मृगाच्या आत रानातला मल्चिंग पेपर उचला

कलिंगड-खरबुजाचे प्लॉट मोकळे झालेत, उन्हाळी मिरची-टोमॅटोही शेवटाला आलाय. रोहिण्या निघाल्या की मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर भागात ट्रॅक्टरसाठी नंबर लागतील, आणि एकदा ट्रॅक्टर दारात आला की मागचं-पुढचं न बघता रोटर मारायची घाई होईल. त्या घाईच्या आधी बेडवर (गादीवाफ्यावर) ओल टिकावी, तण येऊ नये म्हणून अंथरलेला प्लास्टिकचा पेपर काढून घ्या. अख्खा निघतोय तोवर तो कचरा असतो. एकदा रोटरखाली गेला की कुणाच्या बापाला गोळा होत नाही.

हिशोब साधा आहे. सहा फुटी बेड, चार फुटी पेपर आणि 25 मायक्रॉन जाडी धरली, तर एकराला 60 किलोच्या आसपास प्लास्टिक अंथरलेलं असतं. वजन फार वाटत नाही, पण हे पॉलिथिन कुजत नाही. उन्हानं ठिसूळ होतं, तुटतं, आणखी बारीक होतं, एवढंच. त्यातून आपली जमीन काळी. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वाऱ्यानं उडालेले चिटोरे थेट त्या भेगांत उतरतात. पहिल्या पावसानं भेगा मिटल्या की ते खालीच राहतात. पुढं ते पाण्याच्या आणि मुळांच्या वाटेत येतात, पाभरीच्या फणाला गुंडाळतात. तीन-चार वर्षं लागोपाठ मल्चिंग केलेल्या रानात ढेकूळ फोडून बघा, चंदेरी-काळे तुकडे हातात येतील.

पेपर काढायची पद्धत नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथंच बिनसतं. रान कडक वाळल्यावर ओढला तर मातीत दाबलेल्या कडा तिथंच तुटून राहतात. ओल्यात ओढला तर चिखल लगडतो आणि पुढं तो कुणी विकत घेत नाही. म्हणून आधी वेल बुडातून कापून वाळू द्या आणि बाहेर काढा. मग ठिबक थोडा वेळ चालवून दोन-तीन दिवस थांबा. वाफसा आला, म्हणजे माती धड ओली नाही धड कोरडी नाही अशी झाली, की दोन्ही कडांची माती कुदळीनं किंवा कुळवाच्या एका पाळीनं मोकळी करा. काम सकाळी लवकर धरा, वारा सुटायच्या आत. एकानं कड उचलायची, दुसऱ्यानं मागून माती झाडायची आणि तिसऱ्यानं काठीवर गुंडाळत जायचं. गुंडाळी बांधावर उन्हात ठेवून, माती सुकली की पुन्हा एकदा झटका. बारीक तुकडे वेचायला स्वतंत्र माणूस लावा. मजुरी जाते हे खरं, पण नंतर रान वेचायचं म्हटलं तर किती जाईल तेही बघा.

पुढच्या हंगामाला पेपर घेताना 15-20 मायक्रॉनच्या स्वस्ताईला भुलू नका. तो पिकात कसाबसा टिकतो, काढताना मात्र चिंध्या होतात. ‘आपोआप विरघळणारा’ म्हणून कुणी काही विकत असेल तर तो मातीत खरंच कुजतो याचा प्रमाणित दाखला मागा. नुसतं रसायन घालून लवकर तुकडे पडणारा पेपर साध्या पेपरपेक्षा वाईट, कारण तो वेचताच येत नाही.

पेपर निघाल्यावर खालच्या नळ्या गोळा करा. शेवटचे बूच काढून पाणी सोडा, गाळ जाऊ द्या, मग सावलीत गुंडाळून टांगा. उंदीर-खारींपासून जपा. बाद नळी फेकू नका, भंगारात तिला भाव आहे आणि ठिबकचे काही विक्रेतेही ती वजनावर घेतात. फक्त नळी आणि पीव्हीसी पाइप एकत्र करू नका, दोन्ही मिसळलं की कुणी हात लावत नाही. ओळखू येत नसेल तर तुकडा धुऊन पाण्याच्या बादलीत टाका. ठिबकची नळी, मल्चिंग, खताची गोणी तरंगते. पीव्हीसी बुडतं. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिकही बुडतं, ती मात्र दिसूनच ओळखू येते. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद चौरस मीटरला जवळपास अर्धा किलो भरतो, त्यामुळं त्याला गिऱ्हाईक मिळतं. फाटला म्हणून लगेच विकायचीही घाई नको, मुरघासाच्या खड्ड्याला किंवा कडब्याच्या गंजीवर झाकायला तो बरीच वर्षं चालतो.

आता पेटवण्याबद्दल. बांधावर ढीग करून काडी लावणं सगळ्यात सोपं, म्हणून सगळीकडं तेच चालतं. पॉलिथिन उघड्यावर अर्धवट जळतं, काजळी आणि विषारी वायू सोडतं. त्यात पीव्हीसीचा तुकडा असला तर आम्लाचा वायू आणि डायऑक्सिन नावाचं जहाल विष तयार होतं. डायऑक्सिन राखेबरोबर चाऱ्यावर बसतं, जनावराच्या चरबीत साठतं आणि दुधात उतरतं. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला 5,000 रुपये दंड ठरवून दिलेला आहे. दंड किती जणांना झाला हा भाग वेगळा.

जनावराचं आणखी एक. टोमॅटोच्या बांधणीची प्लास्टिक सुतळी आणि उन्हानं विरलेल्या गोण्यांचे धागे कडब्यात मिसळतात, कडबाकुट्टीतून बारीक होऊन थेट गव्हाणीत येतात. खिल्लार असो की पंढरपुरी म्हैस, पोटात गोळा झाला की रवंथ मंदावतं, पोट फुगतं आणि शेवटी पोट उघडून काढायची वेळ येते. कुट्टी करण्याआधी पेंढी सोडून बघायची सवय लावा.

डाळिंबवाल्यांसाठी, विशेषतः सांगोला-मंगळवेढ्याकडं मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडाचा फुलोरा) धरणाऱ्यांसाठी: येत्या महिन्यांत फवारण्या सुरू होतील आणि बाटल्यांचा ढीग लागेल. बाटली रिकामी झाली की तिथंच पाव भाग पाणी घाला, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी पंपाच्या टाकीतच ओता. असं तीनदा. औषध महाग आहे, ते बाटलीत ठेवून टाकणं कुणालाच परवडत नाही. हे धुतलेलं पाणी विहिरीजवळ, कॅनॉलला किंवा शेततळ्याच्या कडेला सांडू नका. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे घरात रॉकेलला किंवा तेलाला वापरली जाणार नाही. अशा बाटल्यांची गोणी वेगळी, कुलपात, बाकीच्या भंगारात मिसळायची नाही. विक्रेता किंवा कंपनी परत घेते का ते विचारा. लेबलवरची सूचना वाचून त्याप्रमाणेच करा.

माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या पालखी मार्गावर ज्यांची रानं आहेत त्यांनी आषाढीच्या आधी कडेच्या प्लॉटवर दोन-चार मोठ्या गोण्या बांधून ठेवाव्यात. पावसात वारकरी अंगावर घेतात तो प्लास्टिक कागद आणि पाण्याच्या बाटल्या मुक्काम हलला की रानातच राहतात. गोणी दिसली तर माणसं त्यात टाकतात.

गोळा केलेला माल द्यायचा कुठं? 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांत ग्रामपंचायतीवरही जबाबदारी आहे, आणि स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक कचरा केंद्र अशी तरतूद आहे. आपल्या तालुक्याचं केंद्र सुरू आहे का, शेतातला माल घेतं का, हे ग्रामपंचायतीत विचारा. एकट्याच्या 60 किलोसाठी भंगारवाला वस्तीवर येत नाही. शेजारच्या आठ-दहा जणांचा माल पावसाच्या आत एका पत्र्याखाली आणला तर पिकअप पाठवतो. गाडी ठरवण्याआधी दोन ठिकाणी भाव काढा, आणि मातीपोटी वजनात तूट किती धरणार ते काट्यावर चढवण्याआधीच बोलून घ्या.