डिस्कससाठी घरचा खिमा: पाणी गढूळ न करणारा

डिस्कस या काचटाकीत पाळायच्या माशाच्या घरच्या खाद्यात काय घातलं, यापेक्षा ते पाण्यात किती वेळ एकसंध राहतं याला जास्त महत्त्व आहे. टाकीचं पाणी २८ ते ३० अंशांवर असतं. त्या उबेत सुटलेला रक्ताचा थेंब आणि चरबीचा कणही काही तासांत कुजायला लागतो.

परदेशी कृतींमध्ये बैलाचं हृदय असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, तेव्हा म्हशीचं किंवा बकऱ्याचं हृदय घ्या. बकऱ्याचं एक हृदय शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे सहा-सात तरी लागतील. मटणवाल्याकडे ‘काळीज’ मागू नका. तो कलेजी, म्हणजे यकृत, हातात ठेवेल. ‘दिल’ म्हणा. कलेजी या कामाची नाही, पाण्यात तिचा तपकिरी ढग होतो.

एक किलोच्या आसपास मिश्रणासाठी हे प्रमाण धरा: साफ केलेलं हृदय ५०० ग्रॅम, सोललेली कोळंबी २५० ग्रॅम, तिलापियासारख्या कमी तेलकट माशाचं बिनकाट्याचं मांस १५० ग्रॅम, पालक १०० ग्रॅम (किंवा उकडून साल काढलेले मटार ६० ग्रॅम), लसणाच्या दोन पाकळ्या, स्पिरुलिना (शेवाळाची) पावडर १० ग्रॅम, चायना ग्रास १० ग्रॅम आणि पाणी २५० मिली. माशांसाठीची व्हिटॅमिन पावडर पाकिटावरच्या मापाने. पांढऱ्या-पिवळ्या जाती असतील तर कोळंबी निम्मी करून तेवढा मासा वाढवा, नाहीतर अंगावर लालसर झाक चढते.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम म्हणजे हृदय साफ करणं. आधी पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा. अर्धवट कडक झालं की सुरी नीट चालते. वरची पांढरी चरबी, आतल्या झडपा, रक्तवाहिन्यांची टोकं आणि चकचकीत पांढरा पापुद्रा, सगळं काढायचं. फक्त गडद लाल स्नायू उरला पाहिजे. हात आखडता घेऊ नका: म्हशीच्या हृदयाचा बराच भाग टाकाऊ निघतो, म्हणून आणताना वजन जास्तच आणा. ही चरबी डिस्कसला नीट पचत नाही, आणि न खाल्लेल्या चरबीचा पाण्यावर तवंग येतो.

खिमा मशीनमधून बारीक जाळीने काढा. मिक्सरच असेल तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, सलग फिरवू नका. पेस्ट झाली की खेळ संपला. ती पाण्यात दुधासारखी पसरते. मग खिमा चाळणीत घेऊन थंड पाण्याने तीन-चार वेळा धुवा. पहिलं पाणी लाल जाईल, शेवटचं जवळजवळ नितळ दिसलं पाहिजे. मलमलच्या फडक्यात घट्ट पिळा.

कोळंबीचा काळा दोरा काढा. मग कोळंबी आणि मासा दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून काढा. काही कच्च्या माशांत आणि कोळंबीत ‘थायमिनेज’ नावाचं विकर असतं, ते जीवनसत्त्व बी-१ नष्ट करतं. उकळीने त्याचा जोर मोडतो. पालकही मिनिटभर उकळून पिळून घ्या. मासा, कोळंबी, पालक, लसूण हे जाडसर वाटून खिम्यात आणि स्पिरुलिनात मिसळा. कोळंबीच्या सालींचा वाटीभर काढा करून गाळला, तर तोच चायना ग्रासच्या पाण्याच्या जागी वापरता येतो. वासाने नवखे मासेही पुढे येतात.

आता बांधणी. पुष्कळजण जिलेटिन वापरतात, पण ते ३० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, म्हणजे नेमकं डिस्कसच्या टाकीत. चायना ग्रास त्या तापमानाला दाद देत नाही. ती अर्धा तास भिजवा, मंद आचेवर तार न राहेपर्यंत विरघळवा. अडचण एकच: ती साधारण ४० अंशांच्या खाली आली की गोठते. फ्रीजमधून काढलेल्या थंड खिम्यात ओतली तर रबरासारख्या गाठी होतात आणि बाकी मिश्रण मोकळंच राहतं. म्हणून ओतण्याआधी खिमा बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आणा, चायना ग्रास गरमागरम, बारीक धारेने ओता आणि भरभर ढवळा. व्हिटॅमिन पावडर सगळ्यात शेवटी, मिश्रण कोमट असताना. उकळत्या द्रवात घातली तर तिचा उपयोग कमी होतो.

पिशव्या भरण्याआधी एक चाचणी करा. चमचाभर मिश्रण फ्रीजमध्ये गोठवून, टाकीइतक्या कोमट पाण्याच्या ग्लासात पंधरा मिनिटं ठेवा. पाणी दुधट झालं तर खिमा नीट धुतला नाही किंवा फार बारीक वाटला गेला. तुकडा सुटा झाला तर बांधणी कमी पडली. वर तवंग दिसला तर चरबी राहिली.

झिपच्या पिशव्यांत १५० ग्रॅम भरून, हवा काढून, लाटण्याने चार-पाच मिलिमीटर जाड पसरवा. सुरीच्या पाठीने चौकोनी रेघा ओढा, म्हणजे चॉकलेटच्या वडीसारखा तुकडा मोडता येतो. उणे १८ अंशांवर तीन महिने ठेवता येईल, तारीख लिहाच. लोडशेडिंगमध्ये वितळलेली पिशवी पुन्हा गोठवू नका, ती टाकून द्या.

देताना तुकडा चहाच्या गाळणीत वितळू द्या, सुटलेलं पाणी फेका आणि एकदा खळबळून मगच टाका. पाच-सात सेंटिमीटरच्या पिल्लांसाठी गोठलेली वडी सरळ किसणीवर किसा. मोठ्यांना दिवसातून दोनदा, पिल्लांना चार-पाच वेळा, दहा मिनिटांत संपेल एवढंच. डिस्कस तळावर तोंडाने पाण्याचा झोत मारून तुकडा उडवतो आणि मग पकडतो. त्यामुळे कण विखुरतात. वाळू नसलेल्या टाकीत ते दिसतात आणि अर्ध्या तासात नळीने ओढून काढता येतात. नवीन खिमा पहिल्या दिवशी थुंकून टाकला तर घाबरू नका: त्यात थोडे गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) मिसळा आणि चार-पाच दिवसांत ते कमी करत न्या.